मंडळी कशासाठी? मराठी ख्रिस्ती कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न रविवारच्या उपासनेनंतर, दृढीकरणाच्या वर्गांत आणि फोनवरून पुन्हा पुन्हा विचारले जातात. उत्तरे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) या संघटनेतील मराठी मंडळ्यांची शिकवण व रीत समोर ठेवून लिहिली आहेत; कॅथलिक किंवा अन्य मंडळ्यांची भूमिका जिथे वेगळी आहे तिथे तसे नमूद केले आहे. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात गेला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मंडळी म्हणजे नेमके काय? आमच्या गावातले चर्च म्हणजेच मंडळी ना?

चर्चची इमारत ही मंडळीची उपासनेची जागा आहे. मंडळी म्हणजे येशू ख्रिस्ताला प्रभू मानून बाप्तिस्म्याने एकमेकांशी जोडली गेलेली माणसे. नव्या करारात मंडळीने बांधलेल्या इमारतीचा उल्लेख कोठेही नाही. पौल प्रिस्का व अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम पाठवतो (रोम १६:५), आणि फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रातही त्याच्या घरातल्या मंडळीला नमस्कार आहे. नगर जिल्ह्यातील कित्येक खेड्यांत आठवडाभर मिशनची शाळा भरे आणि रविवारी त्याच खोलीत उपासना होई. स्वतंत्र चर्च उभे राहण्याच्या कितीतरी आधी तिथे मंडळी होती. म्हणून छप्पर गळू लागले तर ती मंडळीची अडचण असते, आणि माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली तर मंडळीच गळू लागलेली असते.

२. मंडळीची स्थापना कोणी केली? आमची मंडळी मिशनऱ्यांनी स्थापन केली असे आजोबा सांगत.

आजोबांचे म्हणणे स्थानिक इतिहास म्हणून बरोबर आहे. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्यांचे काम सुरू झाले, आणि १८४२ पासून तिथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. वसई आणि गोव्यातील कॅथलिक परंपरा त्याहून बरीच जुनी, सोळाव्या शतकातील पोर्तुगीज काळातली आहे.

परंतु पाया घालणारा आणि काम सुरू करणारा यांत फरक आहे. घातलेल्या पायाखेरीज, म्हणजे येशू ख्रिस्ताखेरीज, दुसरा पाया कोणाला घालता येत नाही असे पौल करिंथच्या मंडळीला लिहितो (१ करिंथ ३:११), आणि तेही ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसाचा’ असे गट तिथे पडले होते म्हणून लिहितो. इफिसकरांस पत्रात प्रेषित व संदेष्टे यांना पाया आणि ख्रिस्ताला कोनशिला म्हटले आहे (२:२०). प्रेषितांनी ख्रिस्ताविषयी दिलेली साक्ष हीच मंडळीच्या शिकवणीचा आधार आहे, असा त्याचा अर्थ घेतला जातो. मंडळी उघडपणे जगासमोर आली ती यरुशलेमात पेन्टेकॉस्टच्या दिवशी, जेव्हा पेत्राचे भाषण ऐकून सुमारे तीन हजार जणांनी बाप्तिस्मा घेतला (प्रेषितांची कृत्ये २:४१).

३. “ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन” असे येशूने पेत्राला सांगितले. मग पाया पेत्र की ख्रिस्त?

मत्तय १६:१८ या वचनावर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात शतकानुशतके वाद आहे. कॅथलिक शिकवणीनुसार तो खडक पेत्र आहे आणि त्याचा अधिकार रोमच्या बिशपांकडे, म्हणजे पोपकडे, चालत आला आहे. प्रॉटेस्टंट परंपरेने बहुधा खडक म्हणजे “तू ख्रिस्त, जिवंत देवाचा पुत्र आहेस” ही पेत्राची कबुली असे मानले. आज अनेक प्रॉटेस्टंट अभ्यासकही येशू तिथे पेत्राविषयीच बोलत आहे हे मान्य करतात, मात्र त्यावरून वारसाहक्काने चालणारा अधिकार सिद्ध होतो हे ते मान्य करत नाहीत.

या वादात एक गोष्ट नजरेतून सुटते. त्याच अध्यायात, पाचच वचनांनंतर, येशू याच पेत्राला “सैताना, माझ्यामागे हो” असे बजावतो. ज्याच्याविषयी हे दोन्ही बोलता आले त्या माणसाच्या बळावर मंडळी उभी राहणार नव्हती. त्या वाक्यात “मी रचीन” असे म्हणणारा ख्रिस्त आहे, आणि यावर दोन्ही बाजूंचे एकमत आहे.

४. मंडळीचा उद्देश काय? प्रार्थना तर घरीही होते.

पहिल्या मंडळीच्या जीवनक्रमाचे वर्णन एका वचनात आले आहे: प्रेषितांचे शिक्षण, सहवास, भाकर मोडणे आणि प्रार्थना (प्रेषितांची कृत्ये २:४२). आजची उपासना, बायबल अभ्यास, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी), शब्बाथ शाळा, महिला मंडळ आणि घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभा यांचे मूळ या चार गोष्टींत सापडते. पुढे पाहिले तर असे दिसते की उद्देश केवळ आतल्यांपुरता राहिला नाही. सहाव्या अध्यायात रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत असल्याची कुरकुर सुरू झाली, तेव्हा प्रेषितांनी ती दाबली नाही; त्यासाठी सात जण निवडले गेले. मंडळीतील पहिली समिती विधवांच्या जेवणासाठी नेमली गेली, हे आपल्या पंचकमिटीच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) प्रत्येक बैठकीपूर्वी वाचले तर बरे होईल असे मला वाटते.

देवाची उपासना करणे, विश्वासात एकमेकांना वाढवणे, गरजवंताची सेवा करणे आणि सुवार्तेची साक्ष देणे ही कामे एकमेकांपासून सुटी करता येत नाहीत. यांपैकी एकच धरून बसलेली मंडळी कालांतराने भजनी मंडळ, मदत संस्था किंवा वादसभा होते. ही सर्व कामे सोबत घेऊन चालणारी मंडळी मात्र आपल्याला अशा माणसांच्या शेजारी बसवते, ज्यांची निवड आपण केली नसती. याविषयी अधिक पुढील उत्तरात आहे.

५. मी रोज बायबल वाचतो, प्रार्थना करतो. तरी दर रविवारी यायलाच हवे का?

एखादा रविवार चुकला म्हणून तारण जाते, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. परंतु एकत्र मिळणे सोडू नये, उलट एकमेकांना उत्तेजन द्यावे, असे इब्री १०:२५ स्पष्टपणे सांगते, आणि त्या वचनातच काहींनी तशी सवय लावून घेतल्याची नोंद आहे. म्हणजे हा प्रश्न आपल्या काळाचा नाही.

एकट्याच्या भक्तीला एक मर्यादा असते. घरी आपण आपल्याला आवडणारे स्तोत्र म्हणतो, पटणारे वचन वाचतो, आणि ज्यांची आठवण येते त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. मंडळीत ज्याच्याशी आपले मागील वर्षी वाजले होते तो पुढच्या बाकावर बसलेला असतो, ज्या आजी सुरात गात नाहीत त्याच सर्वांत मोठ्याने गात असतात, आणि पाळक नेमके तेच वचन घेतात जे आपण घरी ओलांडून जातो. “मला तुझी गरज नाही असे डोळ्याला हाताला म्हणता येत नाही” (१ करिंथ १२:२१) हे पौलाचे म्हणणे माणसे समोरासमोर आल्यावरच कळते. क्षमा, सहनशीलता आणि सेवा यांचा सराव समोर कोणी असल्याशिवाय होत नाही.

आजारी, वृद्ध, रविवारी पाळीवर असणारे आणि घरातील रुग्णाची सेवा करणारे यांना हे उत्तर दोष लावत नाही. त्यांच्याकडे मंडळीने जायचे असते. याकोब ५:१४ मध्ये आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलावावे असे आहे, आणि ते जातात. प्रभुभोजनही घरी नेले जाते. त्यासाठी पाळकांना कळवणे एवढेच पुरे.

६. लॉकडाऊनमध्ये यूट्यूबवर उपासना चालली. मग आता का चालत नाही?

मार्च २०२० नंतर सर्व प्रार्थनास्थळे बंद होती, तेव्हा दुसरा मार्गच नव्हता, आणि त्या महिन्यांत कित्येक कुटुंबांना त्या उपासनेने धीर दिला. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आणि ज्यांच्या शहरात मराठी उपासना नाही त्यांच्यासाठी ती आजही उपयोगी आहे. ज्यांना येणे शक्य आहे त्यांच्यासाठी प्रश्न ५ चे उत्तरच लागू होते. पडद्यावर ऐकणे होते, परंतु शेजारी कोण नाही हे लक्षात येत नाही. आणि एखादे कुटुंब तीन आठवडे का दिसले नाही याची चौकशी पडदा करत नाही.

७. बाळपणी बाप्तिस्मा झाला आहे. मग दृढीकरण कशासाठी?

बाळाच्या बाप्तिस्म्यात आईवडील आणि मंडळी त्याच्या वतीने वचन देतात. दृढीकरणात ते मूल मोठे होऊन, शिक्षण घेऊन, तेच वचन स्वतःच्या तोंडाने देते व बिशप त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. त्यानंतर त्याचे नाव प्रभुभोजन घेणाऱ्या सभासदांच्या रजिस्टरमध्ये येते. सीएनआयमध्ये आणखीही एक रीत मान्य आहे: आईवडिलांनी बाळाला मंडळीत आणून केवळ समर्पित करावे आणि बाप्तिस्मा त्याने समजत्या वयात घ्यावा. एकाच संघटनेत दोन्ही रीती का, याचे कारण प्रश्न १३ मध्ये आहे.

८. दुसऱ्या मंडळीतील भाऊ म्हणतात, बाळपणीचा बाप्तिस्मा खरा नाही, नदीत बुडवून पुन्हा घे. घ्यावा का?

आमच्या शिकवणीनुसार पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने झालेला बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नसतो, मग तो शिंपडून झालेला असो वा बुडवून, बाळपणी असो वा मोठेपणी. नायसीन मतांगीकार या प्राचीन विश्वासकबुलीतही “एकच बाप्तिस्मा” अशी कबुली आहे. पेन्टेकॉस्टल आणि अनेक स्वतंत्र मंडळ्या बाप्तिस्म्याआधी वैयक्तिक विश्वासाची कबुली अनिवार्य मानतात. त्यांची भूमिका प्रामाणिक आहे, मात्र त्यावरून आपल्या आईवडिलांचा विश्वास खोटा ठरत नाही. विश्वास नव्याने जागा झाला असेल तर तो मंडळीपुढे सांगावा, साक्ष द्यावी. त्यासाठी पाळक उपासनेत जागा करून देतात.

९. आमचे एक स्नेही येशूला मानतात, प्रार्थनेला येतात, पण घरच्या विरोधामुळे बाप्तिस्मा घेत नाहीत. ते मंडळीत की मंडळीबाहेर?

हा प्रश्न महाराष्ट्रात फार जुना आहे, आणि त्याचे सर्वांना पटेल असे एक उत्तर नाही. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला, आणि त्यापायी त्यांचे घर काही वर्षे दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई यांनी पुढे स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्याची ही किंमत ठाऊक असलेल्या टिळकांनीच १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना बोलावले. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि तो प्रयत्न फार पुढे गेला नाही.

मंडळीच्या नियमानुसार असे स्नेही सभासद नसतात: त्यांना मतदान करता येत नाही, पंच होता येत नाही, आणि प्रभुभोजन दिले जात नाही. उपासना, प्रार्थना, भजन, आजारपणातील भेटी आणि संकटातील मदत यांना मात्र कोणतीही अट नाही. त्यांच्यावर बाप्तिस्म्यासाठी दडपण आणू नये. ज्याला घर सोडावे लागणार आहे त्याला तारीख ठरवून देण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला नाही.

१०. भावाशी जमिनीवरून भांडण आहे, कोर्टात दावा चालू आहे. मी प्रभुभोजन घ्यावे का?

पुष्कळ जण अशा वेळी मागच्या बाकावर बसून राहतात किंवा प्रभुभोजनाच्या रविवारी येतच नाहीत. अपात्रपणे भाकर खाऊ नये (१ करिंथ ११:२७) या वचनाची त्यामागे भीती असते. त्या अध्यायाचा संदर्भ पाहावा: करिंथमध्ये सधन लोक आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, एक भुकेला तर दुसरा पिऊन मस्त, असे पौल लिहितो. म्हणजे तिथला अपराध मंडळीतील दुबळ्याला तुच्छ लेखण्याचा आहे.

दावा चालू असणे हे आपोआप अपात्रतेचे कारण नाही. हक्काच्या जमिनीचा निवाडा न्यायालयाकडे मागणे हा द्वेष नव्हे. परंतु मत्तय ५:२३–२४ नुसार अर्पण करण्याआधी भावाकडे जाऊन समेट करायचा असतो. आपण बोलायला गेलात आणि त्यांनी दार लावून घेतले, तर आपण प्रभुभोजन घ्यावे. आपण गेलाच नसाल, तर येत्या रविवारच्या आधी जावे. दोघेही एकाच मंडळीत असाल तर पाळकांना मध्यस्थीची विनंती करता येते. ते सातबारा सोडवू शकणार नाहीत, बोलणे सुरू करून देऊ शकतील.

११. ख्रिस्तात जात नाही म्हणतात. मग लग्न ठरवताना मंडळीतच जात का विचारतात?

कारण जात बाप्तिस्म्याच्या पाण्याने आपोआप धुऊन निघत नाही, आणि हे नाकारण्यात काही अर्थ नाही. “यहूदी व हेल्लेणी, दास व स्वतंत्र असा भेद नाही” (गलती ३:२८) ही मंडळीची शिकवण आहे. रोटीव्यवहारात तिने मोठा बदल घडवला, बेटीव्यवहारात तो अजूनही अपुरा आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी आपले सोवळे कसे टप्प्याटप्प्याने सुटत गेले हे आत्मकथनात मोकळेपणाने सांगितले आहे, आणि तेवढा मोकळेपणा आज आपल्याला जमत नाही. नगर आणि मराठवाड्यातील मंडळ्यांचा कणा महार व मांग समाजांतून आलेल्या कुटुंबांचा आहे. ती कुटुंबे ख्रिस्ती झाली म्हणून गावाचा त्यांच्याशी होणारा भेदभाव थांबला नाही, उलट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही, त्यामुळे भेदभाव राहतो आणि सवलत जाते.

पाळक लग्नाच्या वेळी जात विचारत नाहीत आणि विचारू नये. मंडळीत कोणी जातीवरून अपमान केला तर ते प्रश्न १५ मधील तक्रारीचे कारण आहे.

१२. दशमांश दिलाच पाहिजे का?

सीएनआयमध्ये त्याची सक्ती नाही. दशमांश जुन्या करारातील आहे. नव्या करारात प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे, खेद न बाळगता द्यावे असे आहे (२ करिंथ ९:७). बहुतेक मंडळ्यांत सभासद वर्गणी, रविवारची थैली आणि कापणीचा सण असे तीन मार्ग असतात.

कापणीच्या सणाला वेदीसमोर ज्वारीची कणसे, कांद्यांच्या माळा, भोपळे, अंडी आणि पाय बांधलेली एखादी कोंबडी येते, आणि उपासनेनंतर लिलाव होतो. भोपळा घेणारा पैसे देऊन तो पुन्हा टेबलावर ठेवतो, आणि एकाच भोपळ्याची तीन-तीन वेळा बोली लागते. ज्यांच्याकडे रोकड नाही अशा शेतमजूर कुटुंबालाही इथे ताठ मानेने देता येते, म्हणून शहरातील मंडळ्यांनी हा सण केवळ पाकिटांवर आणू नये असे माझे मत आहे. दिलेल्या रकमेची पावती मागणे हा अविश्वास नव्हे.

१३. ख्रिस्त एक, तर पंथ इतके का? सीएनआय हाही एक पंथच ना?

सिद्धांतावरील मतभेद, देशोदेशींचे राजकारण आणि वेगवेगळ्या मिशनांनी वाटून घेतलेले प्रदेश ही त्याची कारणे आहेत. आपल्याकडे कोणी काँग्रिगेशनल झाला की प्रेस्बिटेरियन, हे पुष्कळदा त्याच्या तालुक्यात कोणते मिशन आले यावर ठरले. हे विभाजन मिटवण्यासाठी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा परंपरा एकत्र येऊन सीएनआय स्थापन झाली: अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया (यात काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन आधीच एकत्र आले होते), बाप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ क्राइस्ट. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट बाहेर राहिले. बाळांना बाप्तिस्मा देणारे आणि न देणारे एका छताखाली आले, म्हणूनच प्रश्न ७ मधील दोन रीती आहेत.

१४. कीर्तन, टाळ-मृदंग, टिकली, मंगळसूत्र हे मंडळीत चालते का?

चालते. टिळकांची पदे ‘उपासना-संगीत’ या गीतसंग्रहातून आपण दर रविवारी गातोच, आणि ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून आहे. टिकली व मंगळसूत्र यांविषयी कुटुंबागणिक रीत वेगळी आहे. त्यावर विश्वास मोजू नये.

१५. पाळक किंवा पंच यांच्याविषयी तक्रार असेल तर काय करावे?

मत्तय १८:१५–१७ मध्ये क्रम दिला आहे: आधी एकांतात बोलावे, मग एकदोघांना सोबत न्यावे, मग मंडळीला सांगावे. व्यवहारात याचा अर्थ पाळक, त्यानंतर पंचकमिटी, आणि त्यानंतर लेखी अर्जाने बिशप व धर्मप्रांताचे कार्यालय असा होतो. व्हॉट्सॲप ग्रुप या क्रमात कोठेच येत नाही.

याला महत्त्वाचा अपवाद आहे. गुन्हा घडला असेल, विशेषतः बालकावर किंवा स्त्रीवर अत्याचार झाला असेल, तर एकांतात बोलण्याची पायरी लागू होत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. “मंडळीचे नाव जाईल” म्हणून कोणी थांबवले तरी थांबू नये.

१६. पंचांनी मंडळीची जागा विकायची ठरवली आहे. त्यांना तो अधिकार आहे का?

फक्त ठराव करून नाही. मंडळीची मालमत्ता ज्या विश्वस्त संस्थेच्या नावावर आहे ती महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असेल, तर कलम ३६ नुसार स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. सभासदाला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात हरकत नोंदवता येते. जमीन कोणाच्या नावावर आहे, स्थानिक मंडळीच्या की धर्मप्रांताच्या ट्रस्टच्या, हे आधी कागदपत्रांत पाहावे, कारण बहुतेक भांडणे तिथेच अडकतात.

१७. मुलगी हिंदू मुलाशी लग्न करणार आहे. चर्चमध्ये लग्न होईल का?

भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, १८७२ खाली दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी विवाह लावता येतो. कायद्याची अडचण नाही. मंडळीचा नियम हा वेगळा विषय आहे, आणि त्यासाठी पाळकांना बिशपांची संमती घ्यावी लागू शकते, म्हणून हॉल ठरवण्याआधी पाळकांना भेटावे. चर्चमध्ये लग्न व्हावे एवढ्यासाठी मुलाने बाप्तिस्मा घेणे योग्य नाही (प्रश्न ९ पाहा). १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करून नंतर मंडळीत प्रार्थना ठेवणे हाही एक मार्ग आहे, आणि अशी लेक मंडळीतून वजा होत नाही.

१८. आम्ही वीस वर्षे पुण्यात आहोत, गावच्या मंडळीत नाव आहे पण जाणे नाही. वडील गेले तर गावच्या कब्रस्तानात जागा मिळेल का?

नाव रजिस्टरमध्ये असेल तर सहसा मिळते. कब्रस्तानाचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. काही जागा एका मंडळीच्या, तर काही अनेक मंडळ्यांच्या संयुक्त समितीच्या ताब्यात असतात. गावच्या पाळकांना फोन करून आताच विचारून ठेवावे, आणि आपण जिथे राहता तिथल्या मंडळीत नाव वर्ग करण्यासाठी त्यांच्याकडून पत्र घ्यावे. नाव वर्ग केले म्हणून गावी दफन करता येत नाही असे नाही. दोन्ही पाळकांना आधी कळवलेले असले की झाले. थकलेली वर्गणी अंत्यविधीच्या वेळी वसूल करू नये, असे पंचांनाही या निमित्ताने सांगणे आहे. तो हिशेब महिन्याभराने घरी जाऊन करता येतो, आणि त्या भेटीत वडिलांच्या मागे राहिलेल्या आईची चौकशीही होते.